मृत्युपत्र, विश्वस्त आणि लोकमान्यांची अठरा वर्षे

मृत्युपत्र हा शब्द घरात काढला की कोणीतरी म्हणतेच, "शुभ बोल रे नाऱ्या!" आणि विषय तिथेच संपतो. मुंजीची, लग्नाची तयारी आपण सहा-सहा महिने आधी सुरू करतो. आपल्यामागे घर कोणाचे, बँकेतले पैसे कोणी काढायचे, याचा साधा कागद मात्र करायचा राहून जातो. या अंकात आम्ही हाच विषय घेत आहोत. विद्यार्थी मित्रांना यात थोडा इतिहास सापडेल, पालकांना घरचे काम सापडेल, आणि विश्वस्त मंडळींसाठी शेवटी वेगळे काही लिहिले आहे.

भोपाळात राहणाऱ्याला या विषयाचे महत्त्व पटवून द्यायला नको. नवाब हमीदुल्ला खान ४ फेब्रुवारी १९६० रोजी वारले. त्यांच्या थोरल्या कन्या आबिदा सुलतान १९५० मध्येच पाकिस्तानात गेल्या होत्या. भारत सरकारने दुसऱ्या कन्या साजिदा सुलतान यांना गादीच्या वारस मानले, आणि त्यांच्यामार्फत ही मालमत्ता पतौडी घराण्याकडे आली. पण नवाबांची खाजगी मालमत्ता गादीबरोबर एकाच वारसाकडे जाते, की मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे सर्व वारसांत वाटली जाते, हा प्रश्न उरलाच. भोपाळच्या न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी दिलेला निकाल उच्च न्यायालयाने ३० जून २०२५ रोजी रद्द केला आणि प्रकरण फेरसुनावणीस पाठवले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. शत्रू-संपत्ती कायद्याचे प्रकरण आणखी वेगळे. म्हणजे नवाब गेल्यानंतर पासष्ट वर्षांनीही, मालमत्ता कोणाची, हे कोर्टातच होते.

आपल्यापैकी कोणाकडे कोहेफिजातला अहमदाबाद पॅलेस नाही, हे खरे. पण १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातली अनेक मराठी कुटुंबे सरकारी फायलींबरोबर येथे आली. पुढे भेलमध्ये नोकरीला आलेली मंडळी निराळी. अशा घरांत नागपूर किंवा अमरावतीच्या वाड्यात एक हिस्सा असतो, भोपाळात प्लॉट किंवा घर असते, मुलाने पुण्यात फ्लॅट घेतलेला असतो आणि मुलगी परदेशात असते. मालमत्ता थोडी, पण विखुरलेली. अशा ठिकाणी कागद नीट नसेल तर भावंडांची चार वर्षे सहज जातात, आणि दिवाळीचे येणेजाणे बंद होते ते निराळेच.

इंग्लंडमध्ये अशा कामासाठी घरोघरचा सॉलिसिटर ठरलेला असतो. मृत्युपत्र लिहिणे, ते जपून ठेवणे, विश्वस्तनिधी उभा करणे, माणूस गेल्यावर वारसांना गोळा करून वाटणी पुरी करणे, हाच त्याचा व्यवसाय. मुंबईत इंग्रजांच्या काळापासून ही परंपरा आहे आणि सॉलिसिटरची वेगळी परीक्षाही तेथे होते. आपल्या भोपाळात असा निराळा वर्ग नाही; जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारा वकीलच हे काम करतो, आणि त्याला मृत्युपत्र म्हटले तर कळेल न कळेल, 'वसीयत' म्हटले की लगेच कळते. शब्द कोणताही असो, या कामात काय काय बिघडू शकते ते समजायला आम्हाला एका जुन्या मराठी प्रकरणासारखे दुसरे उदाहरण माहीत नाही. ते म्हणजे पुण्याचे ताई महाराज प्रकरण. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात ते थोडक्यात वाचून आपण पुढे मंडालेकडे जातो. येथे जरा थांबू या.

श्री बाबा महाराज पंडित हे पुण्यातले पहिल्या वर्गाचे सरदार आणि टिळकांचे स्नेही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना पटकी झाली. टिळक स्वतः त्या वेळी संकटात होते. राजद्रोहाच्या आरोपाखाली २७ जुलैला त्यांना अटक झाली होती आणि मुंबईत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ४ ऑगस्टला त्यांना जामीन दिला होता. सुटून ते पुण्यास आले तो मित्र अखेरच्या घटका मोजत होता. ७ ऑगस्टला बाबा महाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी ते वारले.

मृत्युपत्रात टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, घराण्याचे कारभारी नागपूरकर अशा मंडळींना विश्वस्त नेमले होते. बाबा महाराजांच्या पत्नी सकवारबाई, ज्यांना ताई महाराज म्हणत, त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला तर तो वारस. मुलगा झाला नाही किंवा लहानपणीच गेला, तर ताई महाराजांनी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा. आणि मुलगा वयात येईपर्यंत मिळकत विश्वस्तांनी सांभाळावी, असा त्या कागदाचा आशय होता. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि सुमारे दोन महिन्यांत तो गेला. हे सारे घडत असता प्रमुख विश्वस्त तुरुंगात होते. सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली होती आणि ते सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले.

मिळकतीवर कर्ज होते. विश्वस्तांनी ते फेडायचे म्हणून वाड्यातल्या खर्चाला कात्री लावली. कर्ज फेडणाऱ्याचे बरोबर असते, आणि ज्याच्या घरात कात्री लागते त्याला राग येतो तेही साहजिकच असते. दत्तकाचा प्रश्न आला तेव्हा जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे ताई महाराजांना घेऊन निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेस गेले. पंडित घराण्याच्या तिकडच्या शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत केला गेला आणि २८ जूनला दत्तविधान झाले. पुण्यास परत आल्यावर मात्र चित्र पालटले. ताई महाराजांच्या मनात कोल्हापूरच्या शाखेतले बाळा महाराज यांना दत्तक घ्यावे असे आले. विश्वस्तांपैकी नागपूरकर त्यांच्या बाजूला गेले. २९ जुलैला त्यांनी टिळकादिकांचे प्रोबेट रद्द करावे म्हणून अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये बाळा महाराजांचे दत्तविधानही उरकले.

प्रोबेट म्हणजे काय, ते येथे सांगतो. मृत्युपत्र खरे आहे आणि अमुक माणसांनी त्याची अंमलबजावणी करायची आहे, असा न्यायालयाने मारलेला शिक्का म्हणजे प्रोबेट. तो रद्द झाला की विश्वस्ताच्या पायाखालची जमीनच गेली.

पुढचे सगळे फार कडू आहे. ॲस्टन नावाच्या न्यायाधीशांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. तेवढ्यावर न थांबता, खोटी साक्ष, बनावट कागद वगैरे आरोपांसाठी त्यांनी टिळकांना फौजदारी कोर्टाकडे पाठवले. औरंगाबादेस मुलगा खरोखर ताई महाराजांच्या मांडीवर दिला गेला की नाही, देणे-घेणे झाले की नाही, याभोवती सारा खटला फिरला. २४ ऑगस्ट १९०३ ला टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली आणि त्यांना बेड्याही पडल्या. शेवटी ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्याआधीच, सप्टेंबर १९०३ मध्ये, ताई महाराज वारल्या होत्या.

दिवाणी दावा चालूच राहिला. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरवले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने ते फिरवले. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि २६ मार्च १९१५ रोजी निकाल टिळकांच्या बाजूने लागला. औरंगाबादचे दत्तविधान कायम झाले. टिळक-खापर्ड्यांसारख्या साक्षीदारांना खोटे ठरवण्याच्या रीतीवरही प्रिव्ही कौन्सिलने कडक शब्द वापरले. साक्षीदार खोटे बोलतो असे म्हणायचे असेल तर तो मुद्दा उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवला पाहिजे, त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे, या तत्त्वासाठी आपले वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

मित्राच्या उशाशी बसून दिलेला शब्द पाळायला अठरा वर्षे लागली. टिळक एलएल.बी. झालेले होते, कायदा त्यांना तोंडपाठ होता, तरीही हे झाले. तेव्हा त्यांच्यापेक्षा कमी कायदा जाणणाऱ्या तुम्हा-आम्हाला या प्रकरणातून काय दिसते ते पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. मृत्युपत्र शेवटच्या दिवशी झाले. पटकीने थकलेला माणूस किती बारकावे सांगणार? दुसरी गोष्ट म्हणजे, दत्तक घ्यायचा एकीने आणि संमती द्यायची दुसऱ्यांनी, अशी किल्ली दोन हातांत विभागली गेली. कोणता मुलगा घ्यायचा हे कागदात नव्हते. दोन्ही हात एका दिशेने फिरले नाहीत तेव्हा कुलूप उघडेना. तिसरी गोष्ट, विश्वस्तांतच फूट पडली. घरच्या कारभाऱ्याला विश्वस्त नेमणे सोयीचे वाटते, पण ज्याचा त्या घराशी रोजचा संबंध असतो त्याच्यावर रोजचे दडपणही असते.

आणि आणखी एक, जे चरित्रांत फारसे येत नाही. ताई महाराजांकडे आपण खलनायिका म्हणून पाहतो. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. वयाने अगदी लहान, नवरा गेलेला, तान्हे मूल गेलेले, वाडा आपला पण किल्ल्या बाहेरच्या पुरुषांकडे, आणि मूल कोणते आणायचे तेही त्यांच्या संमतीने! त्यांना कोणी भर दिली असेलही, पण भर द्यायला मन तयार होते, ते का, हाही विचार करावा. मृत्युपत्रात त्यांच्याविषयी खूप होते, त्यांना विचारून मात्र फार थोडे झाले असावे. आज हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, आई, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याच्या वारस असतात, आणि स्त्रीला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. ताई महाराजांच्या काळी हे नव्हते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हक्क आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून पालकहो, "वाड्याचे काय ते दोघे भाऊ बघून घेतील" हे वाक्य आता कायद्याला धरून नाही.

आता मृत्युपत्र कसे करायचे ते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही मृत्युपत्र करता येते. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. भाषेची अट नाही. भोपाळात राहून मराठीत लिहिले तरी ते मृत्युपत्रच असते, पुढे कचेरीत हिंदी भाषांतर जोडावे लागेल इतकेच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सक्तीचे आहे ते हे: करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि निदान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा ती आपलीच असे करणाऱ्याच्या तोंडून ऐकून, त्याच्या समोर आपल्या सह्या करायच्या. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नाही. बरेच लोक आधी स्वतः सही करून ठेवतात आणि मग शेजाऱ्याकडे कागद पाठवतात, "जरा येथे सही करून द्या हो." शेजारी भला माणूस, तो करतो. उद्या कोर्टात त्याला विचारतात, सही तुमच्यासमोर झाली का? तो नाही म्हणतो आणि सगळा कागद वाया जातो.

कारण मृत्युपत्र पुराव्यात आणायचे तर, साक्षीदार हयात असल्यास, त्यांतल्या एकाला तरी बोलवावे लागते. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारा आणि मिळकतीत ज्याला काही मिळायचे नाही असा असावा. वय झालेले असेल किंवा आजारपण असेल तर नेहमीचे डॉक्टर एक साक्षीदार असलेले उत्तम.

या बाबतीतला सर्वांत गाजलेला निकाल एका मराठी न्यायमूर्तींनी लिहिला आहे, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे. साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे पुढे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्याआधी १९५८ मध्ये म्हैसूरकडच्या एका मृत्युपत्राच्या अपिलात त्यांनी नियम घालून दिला. मृत्युपत्र करणारा सांगायला जगात नसतो. म्हणून कागद पुढे आणणाऱ्यानेच सर्व शंका दूर केल्या पाहिजेत. सही थरथरती आहे, मन दुबळे झाले होते, जवळच्या माणसाला विनाकारण वगळले आहे, आणि ज्याला सर्वांत जास्त मिळाले त्यानेच वकील आणला, तोच मजकूर सांगत होता. असे दिसले की न्यायालय कान टवकारते. नुसते दोन साक्षीदार आणून मग भागत नाही. आमची पालकांना सूचना अशी की एखाद्या मुलाला किंवा मुलीला कमी देत असाल तर त्याचे कारण एका ओळीत कागदातच लिहावे. "थोरल्याच्या शिक्षणाला आणि घराला पूर्वीच दिले आहे" एवढे वाक्यसुद्धा पुढचे मोठे भांडण टाळते. आणि ज्याला जास्त मिळणार त्याने त्या दिवशी घराबाहेर राहावे, बाजारात जावे, कोठेही जावे.

मजकूर सरळ असावा. "मुलांनी मिळूनमिसळून राहावे व घर वापरावे" हा आशीर्वाद झाला, वाटणी नव्हे. पत्नीला घर पूर्ण मालकीचे दिले, की फक्त हयातभर राहण्याचा हक्क दिला, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त घोटाळा याच एका वाक्यात असतो. शेवटी, मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचेच खरे धरतात; म्हणून तारीख ठळक असावी आणि 'यापूर्वीची सर्व रद्द' असे लिहावे.

आता नामांकनाचा गैरसमज. बँकेत, म्युच्युअल फंडात, सोसायटीत आपण नॉमिनी लिहितो आणि समजतो की झाले. आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असणाऱ्या 'कालनिर्णय'चे जनक ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, आणि काही गुंतवणुकींवर नामांकनेही होती. नॉमिनी मालक होतो का, हा प्रश्न त्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने तो मिटला: नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालकी मृत्युपत्राप्रमाणे, किंवा ते नसेल तर उत्तराधिकार कायद्याप्रमाणे. दिवस-घटिका पाहून कामे करणाऱ्या आपल्या घरांनी हा एक निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यात चार जणांपर्यंत नामांकन करता येते. सोय चांगली आहे, पण वरचा नियम तिने बदलत नाही.

दोन राज्यांत मालमत्ता असली की शब्दांचाही गोंधळ होतो. महाराष्ट्रात सातबारा आणि फेरफार, आपल्याकडे खसरा आणि नामांतरण. दोन्हीकडे एकच गोष्ट खरी: ही महसुली नोंद आहे, मालकीचा वाद निघाला तर निकाल दिवाणी न्यायालयच देते. मृत्युपत्रात प्रत्येक मिळकतीचा गट क्रमांक किंवा घर क्रमांक, गाव, जिल्हा लिहावा. जुन्या ट्रंकेत मोडी लिपीतले वाटणीपत्र असेल तर ते वाचू शकणारी माणसे आहेत तोवर वाचून घ्यावे आणि देवनागरीत उतरवून ठेवावे.

काही पालकांच्या बाबतीत प्रश्न जास्त नाजूक असतो. घरात मतिमंद किंवा स्वतःचा व्यवहार करू न शकणारे मूल असेल, तर त्याच्या नावे नुसते घर किंवा ठेव ठेवून उपयोग नाही, कारण सही कोण करणार? अशा वेळी मृत्युपत्रातून विश्वस्तनिधी करता येतो: मिळकत विश्वस्तांच्या हाती, खर्च फक्त त्या मुलासाठी, आणि मुलानंतर उरलेले कोणाला तेही लिहिलेले. अठरा वर्षांपुढील अशा व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते. विश्वस्त निदान दोन पिढ्यांतले असावेत. आईवडिलांच्याच वयाचे तिघे नेमले तर ते आईवडिलांबरोबरच म्हातारे होतात. नेमण्याआधी त्यांना विचारावे. मरणाच्या दारात मित्राला नाही म्हणता येत नाही, म्हणून आधी विचारावे.

आता विश्वस्त मंडळींसाठी. शाळेला, देवळाला, वाचनालयाला कोणी मृत्युपत्राने देणगी ठेवते तेव्हा विश्वस्तांवर टिळकांसारखीच जबाबदारी येते. याबाबत इंदूरचे उदाहरण ताजे आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या. संस्थाने विलीन झाल्यावर, १९६२ मध्ये, या २४६ मालमत्तांसाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाजवळची मालमत्ता विकली गेल्याचे पुढे आले आणि वाद सुरू झाला. इंदूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये कडक निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी तो काही अंशी बदलला: मालमत्ता सरकारची नव्हे, ट्रस्टचीच, पण हा सार्वजनिक न्यास आहे, त्याला मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायदा १९५१ लागू आहे आणि त्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे.

त्या कायद्याने न्यासाची स्थावर मालमत्ता निबंधकाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांकडे असते, आपल्याकडे जिल्ह्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे. 'आपलीच तर संस्था, आपलाच तर ठराव' ही भावना कायदा मानत नाही, आणि देणगी देणाऱ्यानेही मानू नये. ज्याने ठेव शिष्यवृत्तीसाठी दिली, त्याच्या ठेवीतून छत दुरुस्त करणे हाही मोडलेला शब्दच असतो, छत कितीही गळत असले तरी. देणगीदारांना आमची विनंती अशी की संस्थेचे नोंदणीकृत पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा. नुसते 'मराठी शाळेला' असे लिहिलेले असले की दोन संस्था हक्क सांगतात, किंवा एकही सांगत नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी या सुट्टीत एक काम. आजी-आजोबांजवळ बसून घरातल्या महत्त्वाच्या कागदांची यादी करा: घराची रजिस्ट्री, गावचा सातबारा, विमा, ठेवी, आणि कोणता कागद कोठल्या कपाटात आहे ते. 'कोणाला काय मिळणार' हे विचारू नका, तो तुमचा प्रश्न नाही. 'कोठे आहे' एवढेच विचारा. आजोबा म्हणाले की मृत्युपत्र आहे पण घरात ठेवायला नको वाटते, तर त्यांना सांगा की ते पाकिटात घालून, वर नाव लिहून, मोहोरबंद करून जिल्हा पंजीयकांकडे ठेव म्हणून देता येते. हयातीत ते फक्त त्यांना किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसालाच परत मिळते, आणि त्यांच्यामागे कोणी अर्ज केला की उघडून त्याची प्रत नोंदवहीत चढवली जाते. शुल्क किती आणि वेळ कोणती, ते कचेरीत जाऊन तुम्हीच विचारून या.